आनंदीबाईंच्या आजाराचा क्रमांक

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटलं की आपण पहिली स्त्री डॉक्टर एवढं सांगून मोकळ्या होतो. मला मात्र त्यांचं आजारपणच जास्त आठवतं. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कामगार वस्त्यांतल्या क्षयाच्या बायकांबरोबर मी दवाखान्यात जाते, म्हणूनही असेल.

कल्याणची ही यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलंही. त्या दुःखातूनच डॉक्टर व्हायचं मनाने घेतलं. १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. त्या काळी! फिलाडेल्फियातली थंडी, जेवणाचे हाल. तब्येत तिथेच ढासळली. तरी ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली, पण ते काम हाती घेणं नशिबी नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच शोधला होता. शत्रू दिसला, पण हातात शस्त्र नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते पुढे तयार होऊ लागलं.

मरणाची कारणं सगळ्या देशांत एकाच यादीने नोंदवावीत, यासाठीची यादी १८९३ मध्ये बर्तियों यांनी मांडली. त्यातूनच आजची आयसीडी यादी आली. तिच्या दहाव्या आवृत्तीत ए १५ ते ए १९ हे क्रमांक क्षयाचे. फुप्फुसाच्या क्षयात बेडक्यात जंतू सापडले तर ए १५. नुसत्या लक्षणांवरून किंवा एक्स-रेवरून ठरवलं तर ए १६.

मैत्रिणींनो, या एका आकड्यात बरंच काही असतं. बेडका द्यायला बायका लाजतात. चारचौघांत खाकरायचं कसं? मग डबीत नुसती थुंकी देतात. त्यात जंतू सापडत नाहीत, घरचे म्हणतात काही नाही झालं, आणि खोकला तसाच घरभर फिरतो. म्हणून मी सांगते, डबी घेऊन मोकळ्या हवेत, आडोशाला जा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि औषधंही फुकट मिळतात.