पृथ्वी मोजणारे विल्यम लॅम्बटन

बालमित्रहो, तारापूरच्या किनाऱ्यावरून दूर जाणारा मचवा पाहा. आधीं त्याचा खालचा भाग दिसेनासा होतो, वरचा मागून. ही पृथ्वीच्या वाटोळेपणाची साक्ष होय. परंतु वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर उतरवावी कशी? संत्र्याची साल टेबलावर दाबून पसरली तर ती फाटते. तद्वत् प्रत्येक नकाशांत आकार, अंतर वा क्षेत्रफळ यांपैकीं कांहींतरी बिघडतेंच. तो बिघाड हिशेबांत धरावयाचा, तर पृथ्वीचा खरा आकार आधीं मोजला पाहिजे. याच कामीं लॅम्बटन यांनीं आपलें आयुष्य वेंचलें.

इ. स. १८०२ मध्यें मद्रासेजवळ त्यांनीं पोलादी सांखळीनें सुमारें साडेसात मैलांची पायारेषा मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घेतले, कीं त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानें निघतात. त्या बाजूंवर पुढील त्रिकोण उभारावयाचे. १८०८ सालीं तंजावर येथें देवळावर चढवितांना सुमारें अर्ध्या टनाचें त्यांचें कोनमापक यंत्र आदळून मोडलें. सारें कार्यच बुडण्याची वेळ आली! परंतु धीर न सोडतां सुमारें सहा आठवडे खपून त्यांनीं तें स्वतः दुरुस्त केलें.

२० जानेवारी १८२३ रोजीं, नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाट येथें त्यांना मृत्यूनें गांठलें. त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

विद्यार्थ्यांनो, घाईनें घेतलेलें एक माप पुढचे सारे त्रिकोण बिघडवितें, हें ध्यानांत असूं द्या.