आधी खराटा, मग कीर्तन : गाडगेबाबा

कुळगी (ता. जोयडा) : आपल्या जंगलपट्ट्यात दवाखाना लांब. रोग आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो येऊच नये म्हणून गावानं एकत्र येणं बरं. गाडगेबाबांनी आयुष्यभर हेच केलं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी गेले, डेबू मामाकडे वाढला. मुलीच्या बारशाला त्यानं दारू-मटण न देता गोडाचं जेवण घातलं, भाऊबंद चिडले. १९०५ मध्ये त्यानं घर सोडलं.

कुठल्याही गावात शिरलं की बाबा आधी खराटा घेऊन रस्ते, गटारं झाडायचे. बघता बघता गावकरीही हात लावायचे. रात्री कीर्तनात प्रश्न विचारून दारू, कर्ज, पशुबळी, शिवाशिव यांचा जमाखर्च लोकांच्याच तोंडून काढायचे. देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या; स्वतःसाठी काही ठेवलं नाही.

२० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले. पुढे महाराष्ट्र सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्यातलं बक्षीस कुणा एकट्याला मिळत नाही, अख्ख्या गावाला मिळतं.