सुरांचा सम्राट, सुरेचा बंदिवान

हिंदी चित्रपटसंगीताचे पहिले महानायक कुंदनलाल सैगल यांचे १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधर येथे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ वर्षांचे होते. अतिमद्यपानाने त्यांचे शरीर पोखरून टाकले होते.

सैगल यांचा जन्म ११ एप्रिल १९०४ रोजी जम्मू येथे झाला. वडील तहसीलदार होते. भजनांची गोडी लागली ती आईमुळे. रामलीलेत ते सीतेची भूमिका करीत. शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम मात्र त्यांना लाभली नाही. पोटासाठी त्यांनी रेल्वेत टाइमकीपरची नोकरी केली आणि टाइपरायटर विकण्यासाठी गावोगाव भटकंती केली. संगीतकार रायचंद बोराल यांनी त्यांना कोलकात्याच्या ‘न्यू थिएटर्स’मध्ये आणले आणि १९३५ च्या ‘देवदास’ने त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले. प्रेमभंगाने मद्याच्या आहारी गेलेला नायक त्यांनी पडद्यावर रंगविला. प्रत्यक्ष आयुष्यातही मद्य त्यांचा पिच्छा सोडणार नव्हते.

१९४० नंतर सैगल मुंबईत आले. रणजित मूव्हीटोनच्या ‘भक्त सूरदास’ (१९४२) आणि ‘तानसेन’ (१९४३) या चित्रपटांनी त्यांची कीर्ती शिगेला पोहोचली. त्याचबरोबर व्यसनही वाढत गेले. मद्य घेतल्याखेरीज आपला गळा लागतच नाही, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. मद्याच्या पेल्याला त्यांनी ‘काली पाँच’ असे नाव दिले होते, असे सांगितले जाते. काळी पाच ही हार्मोनियमची पट्टी. व्यसनाने गाण्याचीच परिभाषा उसनी घेतली होती.

१९४६ च्या ‘शाहजहान’च्या वेळची आठवण संगीतकार नौशाद सांगत असत. त्यांनी एक गाणे सैगल यांच्याकडून मद्य घेऊन आणि मद्याविना असे दोन्ही प्रकारे गाऊन घेतले. ऐकताना मद्याविना झालेले ध्वनिमुद्रणच सरस ठरले आणि खुद्द सैगल यांनीही ते मान्य केले. ज्या आधारावर आपली कला उभी आहे असे त्यांना वाटत होते, तो आधारच खोटा निघाला. पण तोवर फार उशीर झाला होता. त्यांचा ‘परवाना’ हा चित्रपट मृत्यूनंतर १९४७ मध्ये प्रदर्शित झाला.

आज वैद्यकशास्त्र मद्यावलंबित्वाला आजार मानते. मद्याने भीती काही काळ दबते, परंतु शरीराला त्याची सवय जडते. मग ते न मिळाल्यास हात थरथरू लागतात, अस्वस्थता वाढते आणि ही अस्वस्थता मद्याची गरजच सिद्ध करते, असा भास रुग्णाला होतो. या चक्रातून सुटण्यासाठी उपचार, समुपदेशन व आप्तांची साथ लागते. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते १९८६ मध्ये. सैगल यांच्या काळात असा आधार दुर्मीळ होता.

व्यसनावाचून प्रतिभा फुलत नाही, हा गैरसमज कलाक्षेत्रात अजूनही आढळतो. सैगल यांचे उदाहरण त्यासाठी अनेकदा दिले जाते. वास्तविक ते या समजुतीच्या विरोधातच जाते. त्यांचे सूर मद्याचे देणे नव्हते. मद्याने त्या सुरांची वर्षे मात्र हिरावून नेली.