खेकड्यांवर धरण फोडल्याचा आळ आला, पण दख्खनच्या खेकड्याला जगासमोर आणणारा माणूस होता खडकीच्या लढाईतला एक इंग्रज अधिकारी

२ जुलै २०१९ ची रात्र. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, वस्ती वाहून गेली, माणसं गेली. त्यानंतर धरण फुटण्याचं खापर खेकड्यांवर फोडण्यात आलं आणि सोशल मीडियावर खेकड्यांच्या मीम्सचा पाऊस पडला. कुणी हसलं, कुणी संतापलं. त्या गदारोळात एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

हा बिळं खोदणारा खेकडा नेमका आहे कोण? त्याचा अभ्यास कधी कुणी केलाय का?

तर केलाय. तोही आजचा नाही, जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा. आणि हा अभ्यास सुरू करणारा माणूस कुठला प्राध्यापक नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी होता. त्याचं नाव विल्यम हेन्री साईक्स, म्हणजेच कर्नल साईक्स.

पक्षीनिरीक्षण करणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, कारण माळरानावर दिसणारा एक चंडोल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पण भीमेच्या पाण्यातले मासे आणि दख्खनच्या मातीतले खेकडे यांच्यासाठी साईक्सने जे करून ठेवलं, ते सोलापूरकरांनी तर नक्कीच माहीत करून घ्यायला हवं.

साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. गाव इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात, ब्रॅडफर्डजवळ. आपल्याकडे पोरं आठवी-नववीत असतात त्या वयात, म्हणजे १८०३ मध्ये, तो कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून भरती झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरला वेढा घातला तेव्हा हा पोरगेला अधिकारी तिथे हजर होता. तो वेढा इंग्रजांना महागात पडला, किल्ला काही हाती आला नाही.

पुढच्या काही वर्षांत साईक्सने एक गोष्ट केली, जी त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली. तो हिंदुस्थानी आणि मराठी शिकला, आणि दुभाषा म्हणून काम करता येईल इतकी चांगली शिकला.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि पाठोपाठ पुणं पडलं. या दोन्ही ठिकाणी साईक्स देशी शिपायांच्या तुकडीचं नेतृत्व करत होता. पुढच्याच वर्षी, मे १८१८ मध्ये, मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला. पेशवाई संपली. थोडक्यात सांगायचं तर साईक्स या मुलखात आला तो जिंकणाऱ्यांच्या बाजूने. हे विसरून चालणार नाही.

१८२० मध्ये तो रजेवर युरोपात गेला आणि चार वर्षं तिकडेच फिरला. १८२४ मध्ये परत आला तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याच्यावर वेगळीच जबाबदारी टाकली. मुंबई सरकारसाठी नव्याने जिंकलेल्या दख्खनची सगळी माहिती गोळा करायची.

सगळी म्हणजे अक्षरशः सगळी. गावं किती, माणसं किती, जमीन कुणाकडे, सारा किती, पिकं कोणती, पाऊस किती, डोंगर किती उंच. हेतू उघड होता. ज्या मुलखावर राज्य करायचं आणि ज्याच्याकडून महसूल वसूल करायचा, तो मुलूख आधी कागदावर यायला हवा होता.

पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड ही चार कलेक्टोरेट त्याच्या वाट्याला आली. आज आपण ज्याला सोलापूर जिल्हा म्हणतो, तो तेव्हा आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हता. त्याचे तालुके वेगवेगळ्या कलेक्टोरेटांमध्ये विखुरलेले होते. पण भीमा तीच होती. भीमाशंकरला उगम पावून, पुण्याकडच्या मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांचं पाणी पोटात घेऊन ती पंढरपूरकडे वाहत होती. आणि साईक्सचं बरंच काम याच नदीच्या खोऱ्यात झालं.

सरकारला आकडे हवे होते. साईक्सने आकडे तर दिलेच, पण तो तेवढ्यावर थांबला नाही.

मुक्काम पडेल तिथे तो हवेचा दाब आणि तापमान टिपायचा. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध पुढे १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. जोडीला पक्षी, प्राणी, मासे, खेकडे, जे दिसेल ते गोळा करणं आणि लोक त्याला काय म्हणतात ते विचारून लिहून ठेवणं चालूच होतं. आपल्याकडच्या रानकुत्र्याला मराठीत कोळसून म्हणतात, हे त्याने नोंदवलं. त्याच प्राण्याला त्याने जे शास्त्रीय नाव दिलं, त्यात थेट दख्खन हा शब्द घातला. आजही दख्खनी रानकुत्र्याच्या नावात तो ‘दुखुनेन्सिस’ म्हणून टिकून आहे.

मग सरकारी खर्चात कपात आली. १८२९ च्या अखेरीस त्याचं पद रद्द झालं. पण साईक्सने काम अर्ध्यावर सोडलं नाही. लष्करी जबाबदारी बाजूला ठेवून त्याने अहवाल पूर्ण केले, जानेवारी १८३१ मध्ये हातावेगळे केले आणि मग इंग्लंडची वाट धरली. १८३३ मध्ये तो फौजेतून निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं.

आता येऊया खेकड्याकडे.

१८३६ मध्ये लंडनच्या एंटोमोलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या जमिनीवर वावरणाऱ्या खेकड्यांवर एक छोटा लेख आला. निरीक्षणं साईक्सची होती. शास्त्रीय वर्णन आणि नाव जॉन वेस्टवूड या कीटकशास्त्रज्ञाचं होतं, जो पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. खेकड्याचं नाव ठेवलं ‘क्युनिक्युलॅरिस’. लॅटिन भाषेत ससा आणि त्याचं बीळ या दोन्हींशी जोडलेला हा शब्द आहे. थोडक्यात, सशासारखी बिळं करणारा खेकडा. आज त्याचं पूर्ण नाव आहे बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस.

पावसाळ्यात शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, विहिरीच्या कडेला दिसणारा आणि अनेक घरांत रश्शात पडणारा खेकडा तो हाच.

इथे एक गंमत समजून घ्यायला हवी. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया या भागांत गोड्या पाण्यात क्रेफिश नावाचा प्राणी असतो. दिसायला छोट्या लॉबस्टरसारखा. जगात त्याच्या सहाशेहून जास्त जाती आहेत, पण भारतात निसर्गतः एकही नाही. क्रेफिश तिकडे जे काम करतो, म्हणजे कुजलेला पाला खाणं, मेलेले जीव साफ करणं, माती उकरणं आणि स्वतः मोठ्या प्राण्यांचं अन्न होणं, ते आपल्याकडे मुख्यतः खेकडा करतो.

आणि हा खेकडा समुद्रातल्या खेकड्यापेक्षा फार वेगळा आहे. समुद्री खेकड्याची मादी लाखो अंडी सोडते, त्यातली सूक्ष्म पिल्लं प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. आपल्या ओढ्यातल्या मादीचं तसं नाही. ती मोजकी पण मोठी अंडी पोटाखालच्या झडपेत सांभाळते. त्यातून बाहेर येतात ती थेट इवलीशी खेकडीच. ती काही दिवस आईलाच चिकटून असतात. समुद्राची गरजच पडत नाही, म्हणून तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब सोलापूरच्या माळावरही खेकडा जगतो. उन्हाळ्यात ओल शोधत बिळात खोल जातो, पावसाबरोबर वर येतो.

पण याच गोष्टीची एक काळी बाजू आहे. पिल्लं दूरवर पसरत नाहीत, म्हणून एखाद्या डोंगरातला किंवा ओढ्यातला खेकडा संपला की शेजारून पटकन नवा येत नाही. २००९ मध्ये जगभरातल्या सुमारे १,२८० गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या जातींचा आढावा घेतला गेला. त्यात साधारण सहापैकी एक जात धोक्याच्या दिशेने चाललेली आढळली आणि निम्म्या जातींबद्दल निर्णय घ्यायला पुरेशी माहितीच नव्हती. साईक्सचा खेकडा सध्या तरी सुरक्षित मानला जातो, कारण तो मोठ्या भागात पसरलाय. आणि त्याच्याबद्दल माहितीही बरी आहे, कारण पुढे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात याच खेकड्याच्या शरीरक्रियांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं.

खेकड्यानंतर तीन वर्षांनी, १८३९ मध्ये, साईक्सने दख्खनच्या माशांवरचं काम प्रसिद्ध केलं. चाळीसहून जास्त जाती, त्यातल्या बऱ्याच विज्ञानाला नव्या.

आणि इथे त्याने जे केलं ते त्या काळात विरळा होतं. काही माशांना त्याने इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांची नावं दिली, हे खरं. पेडगावजवळ भीमेत मिळालेल्या एका माशाला त्याने व्हिगर्स या प्राणीशास्त्रज्ञाचं नाव दिलं. पण अनेक माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव कायम ठेवलं. कोळस मासा ‘कोलुस’ झाला, शिंगटी ‘सींगटी’ झाली. खुद्री, नुक्ता, पोटेल, मुल्या ही नावंही तशीच लॅटिन वहीत शिरली. आज टोकियोतला किंवा पॅरिसमधला संशोधक जेव्हा या माशांबद्दल लिहितो, तेव्हा त्याला नकळत भीमाकाठची बोली लिहावी लागते.

ही नावं साईक्सला सांगितली कुणी? उघड आहे, नदीवर जाळी टाकणाऱ्या भोई-कोळ्यांनी आणि बाजारात मासे विकणाऱ्यांनी. त्यांची स्वतःची नावं कुठल्याही शास्त्रीय नावात आली नाहीत. मासे मात्र त्यांच्याच शब्दांत अमर झाले.

पुढे साईक्सने मोठमोठी पदं भूषवली. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये कंपनीचा चेअरमन. १८५७ पासून मरेपर्यंत तो ॲबर्डीनचा खासदार होता. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

त्याच्या यादीचं खरं मोल मात्र आज कळतंय.

१९८० मध्ये सोलापूर जिल्ह्यात भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं. ११७ टीएमसीचा जलाशय. त्याने ऊस आणला, पिण्याचं पाणी आणलं, मासेमारीही वाढवली. पण वाहत्या पाण्यात, खडकाळ तळाशी जगणाऱ्या माशांसाठी नदीचं तळं झालं. भर म्हणून वरच्या शहरांचं सांडपाणी आलं. आज उजनीच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणावर येते ती चिलापी, म्हणजे मूळची आफ्रिकेतली तिलापिया. मत्स्यटाक्यांतून सुटलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासाही इथे पोचलाय. आणि साईक्सच्या यादीतले नुक्ता, पोटेल हे मासे आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदले गेलेत.

बरं, मासे वाचवतानाही चुका होतात. साईक्सची खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास झाली, हे मोठंच यश होतं. पण हीच बोटुकली पार कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महासीराचीच जागा त्यांनी बळकावली. तो आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. म्हणजे एका नदीचा राजा दुसऱ्या नदीत पाहुणा नाही, घुसखोर ठरतो.

युरोपने हा धडा क्रेफिशच्या बाबतीत शिकलाय. अमेरिकन क्रेफिशबरोबर आलेल्या रोगाने तिथल्या देशी क्रेफिशचा १८६० च्या सुमारापासून फडशा पाडला. आज अमेरिकन लाल क्रेफिश मत्स्यटाक्यांसाठी विकला जातो. टाकीचा कंटाळा आला म्हणून कुणी असा प्राणी ओढ्यात सोडून दिला, तर आपल्या खेकड्यासमोर काय वाढून ठेवलंय, ते सांगायला ज्योतिषी नको.

एखादी गोष्ट हरवली हे कळायला ती आधी होती हे माहीत असावं लागतं. भीमेत काय काय होतं, हे आज ठामपणे सांगता येतं कारण एका सरकारी कामगिरीवरच्या अधिकाऱ्याने महसुलाच्या आकड्यांसोबत मासे आणि खेकडेही मोजले, आणि इथल्या माणसांनी त्याला त्यांची नावं सांगितली.

तेव्हा यंदा पावसाळ्यात बांधावर खेकडा दिसला, तर त्याच्यावर मीम करण्याआधी तुमच्या गावात त्याला काय म्हणतात ते घरातल्या जुन्या माणसांना नक्की विचारा. तेवढंही लिहून ठेवलंत, तरी साईक्सची वही एका ओळीने पुढे जाईल.