केरुनाना छत्रे

भगिनींनो, चतुर्थीचा चंद्रोदय आपण अमळनेरात पंचांगात पाहतो; त्यासाठी झिजलेल्या एका गृहस्थांविषयी मला सांगावयाचे आहे.

केरो लक्ष्मण छत्रे १८२५ साली नागावला जन्मले. जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून मुंबईस १८२६ साली कुलाबा वेधशाळा निघाली होती. तेथे १८४० च्या सुमारास ते दरमहा ५० रुपयांवर लागले. वायुभार, उष्णतामान, चुंबकसूची, सारे रात्रीबेरात्री पाहून टिपावयाचे. पेंगुळल्या डोळ्यांनी अंदाजाने आकडा मांडला असता तर कोणास कळणार होते? पण नाना पडताळ्याचे भोक्ते.

जुन्या गणिताची ग्रहणे आकाशाशी जुळेनात, म्हणून १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचली. १८६५ पासून नवे पटवर्धनी पंचांग निघाले. लोकांनी ते फारसे घेतले नाही. सणवार, व्रते हलवावयाची म्हणजे घरोघरी वाद. मला त्यात नवल वाटत नाही. १८८४ साली नाना वारले. पंचांगशोधनाचे काम पुढे त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी हाती घेतले.