माईक द बाईक : घाटाचा राजा

नेकनूरहून बाईकवर बीडला कॉलेजला जाणाऱ्या पोरांना मांजरसुंब्याचा घाट तोंडपाठ असतो. कुठल्या वळणाआधी गिअर कमी करायचा, उतारावर पुढचा ब्रेक किती दाबायचा, ट्रक कुठे दम टाकत चढतो, सगळं माहीत. आता कल्पना करा, हाच घाट ६० किलोमीटरचा आहे. त्यात २०० पेक्षा जास्त वळणं आहेत. कडेला घरं, दगडी भिंती, विजेचे खांब आहेत. आणि तुम्हाला तो ताशी १७५ च्या सरासरीने, सलग सहा वेळा मारायचाय!

असा रस्ता खरंच आहे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९०७ पासून टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी रेस होते आणि १९११ पासून ती डोंगरावरच्या रस्त्याने जाते. एरवी हा साधा गावरस्ता. सराव आणि रेसच्या वेळेपुरता तो वाहतुकीला बंद करतात. रॅमसे गावापाशी जवळपास समुद्रसपाटीवर असलेला रस्ता पुढे स्नेफेल डोंगराच्या अंगाने ४०० मीटरच्या वर चढतो आणि मग सुसाट खाली येतो. खाली ऊन असतं तेव्हा वर धुकं असू शकतं. या रस्त्यावर १४ वेळा जिंकलेला माणूस म्हणजे माईक हेलवूड. जगाने त्याला नाव ठेवलं, माईक द बाईक.

हेलवूडचा जन्म २ एप्रिल १९४० चा, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळचा. वडील स्टॅन हेलवूड मोटारसायकलचे बडे डीलर, घरात पैसा भरपूर. माईक लहानपणीच घराजवळच्या मैदानात छोटी बाईक पळवायला लागला. शाळेत मन रमलं नाही, ती अर्ध्यातच सोडली. १९५७ च्या एप्रिलमध्ये, १७ वर्षं पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, तो ऑल्टन पार्कच्या चढउताराच्या सर्किटवर पहिली रेस धावला. नंबर आला अकरावा. वडिलांनी त्याला उत्तमोत्तम गाड्या घेऊन दिल्या. बापाच्या पैशावर उड्या मारणारा पोरगा, असं कुणालाही वाटलं असतं. पण पैशाने गाडी मिळते, वळण नाही मिळत. १९५८ मध्ये, १८ व्या वर्षी, तो पहिल्यांदा टीटीला गेला आणि २५० सीसीच्या रेसमध्ये थेट तिसरा आला.

१९६१ मध्ये तर त्याने कमाल केली. एकाच आठवड्यात १२५, २५० आणि ५०० सीसी अशा तीन टीटी जिंकल्या. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. ३५० च्या रेसमध्येही तो पुढे होता, पण शेवटी इंजिनने दगा दिला. त्यातल्या १२५ आणि २५० च्या गाड्या होत्या होंडाच्या. आज आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारं हे नाव तेव्हा युरोपात नवखं होतं. होंडाची टीम या बेटावर १९५९ मध्ये पहिल्यांदा उतरली आणि तिला पहिला टीटी विजय मिळवून दिला तो हेलवूडने. त्याच वर्षी तो २५० सीसीचा जगज्जेता झाला. पुढे इटलीच्या एमव्ही अगुस्तावर १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं ५०० सीसीचं विजेतेपद त्याच्याकडे होतं. एकूण नऊ जागतिक विजेतेपदं, ७६ ग्रांप्री विजय.

१९६५ ची टीटी ऐका. पावसाने रस्ता निसरडा झाला होता. त्याचा टीममधला जोडीदार जाकोमो अगोस्तिनी ज्या वळणावर पडला, त्याच वळणावर पुढे हेलवूडही आपटला. तो उठला, लाथा घालून गाडीचं वाकलेलं सरळ केलं, धक्का मारून चालू केली आणि तुटकी काच, रक्ताळलेलं नाक अशा अवतारात रेस जिंकला. १९६७ मध्ये होंडाची ५०० सीसी गाडी ताकदवान होती, पण वळणावर भयंकर डोलायची. त्यात अॅक्सिलरेटरची मूठ सैल झाली. तरीही त्याने ताशी १७५ किलोमीटरच्या सरासरीने एक फेरी मारली. तो विक्रम पुढची आठ वर्षं टिकला.

१९६८ मध्ये होंडाने ग्रांप्री रेसिंग थांबवलं आणि हेलवूड कारकडे वळला. फॉर्म्युला वनमध्ये त्याने ५० रेस केल्या, पण एकही जिंकला नाही. तिथे त्याचं नाव राहिलं ते वेगळ्याच कारणाने. ३ मार्च १९७३, दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी सर्किट. क्ले रेगाझोनीच्या कारशी त्याची टक्कर झाली आणि रेगाझोनीची कार पेटली. आत तो बेशुद्ध. हेलवूड स्वतःच्या गाडीतून उतरून आगीत शिरला. त्याच्या कपड्यांनी पेट घेतला. ती आग विझवून घेतली आणि तो परत आत गेला. रेगाझोनी वाचला. या धाडसाबद्दल हेलवूडला जॉर्ज मेडल मिळालं.

पुढच्याच वर्षी जर्मनीच्या न्यूरबर्गरिंगवर त्याची मॅक्लारेन एका उंचवट्यावरून उडाली आणि आपटली. पाय इतका मोडला की कार रेसिंग संपलं. तो लंगडतच राहिला.

आणि मग १९७८. वय ३८, पाय अधू, शेवटची टीटी धावून ११ वर्षं झालेली. आणि हा बाबा परत त्या बेटावर, लाल-हिरव्या डुकाटीवर! लोकांना वाटलं, हौस म्हणून आला असेल. तो जिंकला. शर्यतीची रेषा ओलांडली आणि लगेच डुकाटीचं इंजिन बंद पडलं. पुढच्या वर्षी सुझुकीवर त्याने चौदावी टीटी जिंकली आणि मग हेल्मेट खुंटीला टांगलं. बेटावरच्या त्या रस्त्याचा सगळ्यात उंच भाग आज त्याच्या नावाने ओळखला जातो.

सर्किटवर तुम्हालाही धावता येतं. त्याला ट्रॅक डे म्हणतात. फी भरायची, हेल्मेट, लेदर सूट, हातमोजे, बूट घालायचे आणि आपल्या कुवतीच्या ग्रुपमध्ये ठरलेल्या वेळेला फेऱ्या मारायच्या. आपल्याकडची पोरं त्यासाठी चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठतात. तिथे सगळे एकाच दिशेने जातात. पुढे कुणी पडलं तर झेंडा दाखवतात, अॅम्ब्युलन्स उभी असते. चढावर पुढचं दिसत नाही, उतारावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून वळणाआधीच स्पीड कमी करून बाहेर पडताना वाढवायचा, हे तिथेच नीट कळतं. समोरून म्हैस, ट्रॅक्टर, टमटम येणार नाही याची खात्री असते, म्हणून.

२१ मार्च १९८१. शनिवारची संध्याकाळ. हेलवूड आपल्या दोन मुलांना कारमध्ये घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या घरून निघाला. कुठे? फिश अँड चिप्स आणायला. रस्ता दुपदरी, मध्ये दुभाजक. समोरच्या एका ट्रकवाल्याने दुभाजकाच्या फटीतून, जिथे वळायला मनाई होती तिथून, गाडी वळवली. हेलवूडची कार त्याच्यावर आदळली. नऊ वर्षांची मिशेल जागीच गेली. मुलगा वाचला. हेलवूड दोन दिवसांनी, २३ मार्चला गेला. एकेचाळिसावा वाढदिवस दहा दिवसांवर होता. ट्रकवाल्याला दंड झाला शंभर पौंड.

आग, पाऊस, डोंगर, न्यूरबर्गरिंग यांतून वाचलेला माणूस कुणाच्या तरी शॉर्टकटने गेला. त्या संध्याकाळी त्याचं नऊ वेळचं जगज्जेतेपद काही कामाला आलं नाही. रस्त्यावर आपला जीव समोरच्याच्या हातात असतो.

आणि समोरच्याचा आपल्या. हायवेवर पुढचा यू टर्न अर्धा किलोमीटर लांब आहे म्हणून दुभाजकाच्या फटीतून किंवा राँग साईडने आपणही बाईक घालतो, अगदी सहज, पेट्रोल वाचवायला. तेव्हा आपण हेलवूड नसतो. आपण तो ट्रकवाला असतो.