गोंगाटापासून दूर : नानाभॉय मूस

उंबरमाळीला आमचे घर रुळांपासून फार लांब नाही. रात्री मालगाडी कसाऱ्याकडे निघाली की मांडणीवरची भांडी किणकिणू लागतात. भूगोलाच्या तासाला भूकंपमापकाची माहिती ऐकली, तेव्हा मला पहिली शंका हीच आली : हे यंत्र आमच्या घरी ठेवले तर ते भूकंप नोंदवील की मालगाडी? या शंकेचा माग काढताना मला नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस भेटले.

पारशी कुटुंबातल्या मूस यांचा जन्म १८५९ सालचा. एडिंबरोला शिकून आलेले हे गृहस्थ १८९६ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढच्याच वर्षी आसामात प्रचंड भूकंप झाला आणि १८९८ मध्ये कुलाब्याला मिल्न यांचे भूकंपमापक बसले.

परंतु मूस यांची खरी कसोटी लागली ती चुंबकीय नोंदींच्या बाबतीत. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार, असे ठरले. रुळांतून परतणारा विद्युत्‌प्रवाह जमिनीत झिरपतो व नाजूक चुंबकसूची हलते. म्हणजे पृथ्वीच्या नोंदीत ट्रामची नोंद मिसळणार! शहराची प्रगती थांबवणे शक्य नव्हते, इष्टही नव्हते. मूस यांनी आपले यंत्रच हलवायचे ठरवले.

त्यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. आपल्याकडचा काळा कातळ स्वतःच थोडा चुंबकीय असतो. म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, लोखंड टाळले. तरीही घाई केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्हींतला फरक कळला, म्हणून जुन्या-नव्या नोंदींची साखळी अखंड राहिली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली तेव्हा अलिबाग सज्ज होते. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९३६ साली ते निवर्तले.

आज भूगर्भाचे चित्र काढणारे शास्त्रज्ञ एकाच जागेच्या अनेक नोंदी घेऊन त्यांची बेरीज करतात. खरी लहर प्रत्येक नोंदीत ठरल्या वेळी येते, म्हणून ती ठळक होते. गोंगाट वाटेल तसा येतो, म्हणून तो विरतो. मूस यांच्या हाती हे गणकयंत्र नव्हते. संकट येण्याआधी ते ओळखण्याची दृष्टी मात्र होती.

ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेत आहे. मालगाडीने भांडी वाजली की आता मला त्या लोखंड टाळून बांधलेल्या घराची आठवण होते.